कंट्रोलची पाटी

"अहवाल ना? हात्तिच्या! भाकरी भाजता भाजता लिहून टाकीन मी!"

बचत गटाच्या मीटिंगमध्ये सवितानं हे असं ठोकून दिलं आणि कळकवाडीच्या झाडून सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणारच! एक तर सविता गटाची अध्यक्ष, त्यात बारावी पास, आणि त्यात तिचा आवाज असा, की समोरच्या डोंगरावर चरणारी जनावरंसुद्धा मान वर करून बघत. अशा बाईनं 'लिहीन' म्हटलं, की ते लिहिलंच असं समजायचं.

गोष्ट अशी होती, की पुण्याच्या एका संस्थेनं गटाला भाताच्या प्रयोगासाठी अनुदान दिलं होतं. एका खाचरात नवी पद्धत वापरायची. म्हणजे लावणीआधी गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवायचा आणि लावणी झाली की चार रोपांच्या मधोमध गोळी खत खोचायचं. शेजारच्या खाचरात मात्र सगळं दरवर्षीसारखं. फोटो पाठवायचे, तिमाही अहवाल पाठवायचे, काढणीला दोन्हीकडचं पीक मोजायचं. आणि शेवटच्या अहवालात फरक दिसला, तर पुढच्या टप्प्यात वाडीला भात भरडायची गिरणी!

गिरणी! हा शब्द कानावर पडल्यापासून सविता इरेला पेटली होती. आंदर मावळाच्या पार टोकाला ही वाडी. भात भरडायचं म्हणजे पोतं डोक्यावर घ्यायचं, डोंगर उतरायचा, खालच्या गावातल्या गिरणीत नंबर लावायचा, लाईट गेली तर माशा मारत बसायचं, आणि तांदूळ घेऊन पुन्हा तोच डोंगर चढायचा. मागच्या दिवाळीत उतारावर सविताचा पाय घसरला आणि पोतंभर भात दगडधोंड्यांत सांडलं. ती तिथंच बसून ढसाढसा रडली होती. दाणे वेचता वेचताच तिनं ठरवलं, वाडीत गिरणी आणीन, तरच नावाची सविता!

गिरणी येणार हे वाडीला ठाऊक होतं. पण ती पिकातल्या फरकावर अडलीय, हे मात्र सवितानं कुणाला सांगितलं नाही. उगाच कशाला? फरक तर दिसणारच होता!

चिखलणीच्या आधी सविता रेंजसाठी वरच्या पठारावर गेली होती, तेव्हा संस्थेच्या मानसी मॅडमचा लोणावळ्याहून फोन आला.

"सविताताई, दोन्ही खाचरांवर पाट्या लावा हं. पाटी दिसत नसेल तर फोटो धरला जात नाही. तुमच्या खाचरावर 'प्रयोग' लिहा आणि शेजारच्या खाचरावर 'कंट्रोल'."

"कंट्रोल?"

"हो, तुलनेसाठी. म्हणजे तिथं वेगळं काही करायचं नाही. लक्षात आलं ना?"

"आलं आलं!" सविता म्हणाली. अध्यक्षबाई 'नाही' कशी म्हणणार?

सविताचा नवरा कैलास लोणावळ्याला एका बंगल्यावर केअरटेकर होता. पाट्या रंगवून आणायचं काम तिनं त्याच्यावर सोपवलं. आता लोणावळ्याचा पेंटर म्हणजे जन्मभर 'बंगलो भाड्याने मिळेल' रंगवत आलेला माणूस. त्यानं 'प्रयोग' लिहिलं, 'कंट्रोल' लिहिलं, आणि हाताच्या सवयीनं दोन्ही पाट्यांवर खाली एक झकास लाल बाण काढला. चिखलणी झाल्यावर कैलासनं त्या एका सकाळी खाचरांच्या बांधावर ठोकल्या आणि तो डोंगर उतरून, खाली लावलेल्या मोटारसायकलला किक मारून कामावर गेला.

शेजारचं खाचर होतं बयाबाईचं. बयाबाईच्या इंद्रायणी तांदळाचं काय सांगावं! चुलीवर रटरटायला लागला, की पोटभर जेवलेल्या माणसाला पुन्हा भूक लागायची. सवितानं तिला 'मावशी, तुमच्या खाचराचा फोटू लागंल' एवढंच सांगितलेलं. बयाबाई म्हणाली होती, "काढ की, फोटूनं काय शेत झिजतंय?"

तर त्या सकाळी बयाबाईचा नवरा नथूआबा बांधावरून आला तो धापा टाकतच.

"अगं ए, आपल्या शेतावर पाटी लावलीया!"

"कसली?"

"कं... ट्रोल! आन खाली बाण हाय. त्यो बी आपल्याच खाचराकडं!"

रेशनच्या दुकानाला आपल्याकडं कंट्रोल म्हणतात, हे काय तुम्हाला सांगायला नको. बयाबाईनं पदर खोचला आणि ती तडक सविताच्या दारात उभी राहिली.

"सविते! बाहीर ये आदी!"

"काय झालं मावशी?"

"माझं भात कंट्रोलला घातलंस व्हय गं? माझा इंद्रायणी? पाव्हणं पुन्यांदा ताट फुडं करत्यात, त्यो तांदूळ खड्यांसंगट पोत्यात भरणार?"

"अवो मावशी, त्ये कंट्रोल न्हाई! ह्ये येगळं कंट्रोल हाय!"

"कंट्रोल ते कंट्रोलच! त्यात काय गोडं आन खारं असतंय व्हय?"

सविता समजवायला तोंड उघडतेय, तोच बांधाकडून गलका ऐकू आला. दोघी धावत गेल्या. बघतात तर काय, बाणाच्या दिशेनं बायकांची ही लांबलचक रांग! हातात रेशनकार्डं, काखेत पिशव्या. ज्यांना घरी कामं होती, त्यांनी नंबरासाठी दगड ठेवले होते. सगळ्यात पुढं चंपा.

"आलीस व्हय सविता? लय ब्येस काम केलंस बघ! कंट्रोल वाडीत आणलंस! साखर हाय का गं ह्या टायमाला?"

"चंपाबाई, आवो खाचरात कुटली साखर?"

"तेच म्हनलं मी, येवढ्या चिखलात कशापायी उघडलंय!"

ही बातमी डोंगर उतरून खालच्या गावात कशी पोचली, देव जाणे. इथं फोनला रेंज नसते, पण अशा बातमीला ती लागतही नाही! दुपारच्या आत खालच्या गावचा रेशन दुकानदार धोंडिबा घामाघूम होऊन वाडीत हजर.

"कुनी घेतलं लायसन? माझ्या पोटावर पाय देता व्हय? अंगठ्याचं मशीन कुटं लपवलंय, दाखवा!"

"धोंडिबाभाऊ, मशीन न्हाई, दुकान न्हाई, काय न्हाई!"

"मग ह्यो बाण काय माझ्या आजोळचा रस्ता दावतोय?" असं म्हणून धोंडिबा बाणाच्या दिशेनं तरातरा निघाला आणि सरळ खाचरात उतरला. दुसऱ्याच पावलाला गुडघ्याएवढा रुतला. त्याला बाहेर ओढायला रांगेतल्या बायका धावल्या. धोंडिबा निघाला, त्याची एक चप्पल काही निघाली नाही.

आता मात्र सविताच्या डोक्यावरून पाणी गेलं. ती बांधावर चढली आणि डोंगरावरची जनावरं दचकतील अशा आवाजात ओरडली, "ऐका समद्यांनी! कंट्रोल म्हंजे रेशन न्हाई! कंट्रोल म्हंजे त्या शेतात काऽऽही करायचं न्हाई! मावशींच्या खाचरात काय टाकायचं न्हाई, माझ्यात पाला आन गोळी टाकायची. मग माझं जास्ती पिकंल, मावशींचं कमी पिकंल, त्याचा फोटू जाईल, अहवाल जाईल, इषय संपला!"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, मग बयाबाईकडं बघायला लागल्या, आणि मग कुणीतरी पदराआड फिस्सकन हसलं.

"म्हंजी," बयाबाई सावकाश म्हणाली, "तुझं जास्ती आन माझं कमी, ह्ये आदीच ठरलंय व्हय?"

"तसं न्हाई मावशी, तुलनेसाठी..."

"बरं."

एवढंच बोलून बयाबाई घरी गेली. भांडणारी बयाबाई एक वेळ परवडली. पण 'बरं' म्हणणारी बयाबाई! वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं, की आता काहीतरी होणार. सविताला तेवढं कळलं नाही, कारण तिच्या डोक्यात दुसऱ्या दिवशीची कार्यशाळा होती. 'अहवाल लेखन कार्यशाळा', लोणावळ्यात, चहा-नाष्ट्यासकट!

सविता पहिल्या रांगेत बसली. उद्दिष्ट शिकली, निष्पत्ती शिकली, फलनिष्पत्ती शिकली. निष्पत्ती आणि फलनिष्पत्ती यांतला फरक शिकवणाऱ्या सरांनाही चहाच्या वेळी नीट सांगता आला नाही, पण तिनं तो पाठ केला. आणि ती तिकडं फरक पाठ करत होती, तेव्हा इकडं बयाबाई फरक मिटवत होती! बांधावरचं गिरिपुष्प तिनं असं ओरबाडलं, की झाडं बोडकी झाली. भारेच्या भारे पाला चिखलात तुडवला. नथूआबांना गोळी खत आणायला तालुक्याला पिटाळलं. परत येऊन सविता बघते, तर चिखलावर सगळं कसं सपाट!

"मावशी, गिरिपुष्पाचा पाला कुटं गेला वो?"

"शेळ्यांनी खाल्ला."

सवितानं विश्वास ठेवला. फलनिष्पत्ती डोक्यात घोळत असली की माणूस शेळ्यांवरही विश्वास ठेवतो!

लावण्या झाल्या, भात वाढायला लागलं. सविता नेमानं पाट्यांसकट फोटो काढायची आणि रेंजसाठी वरच्या पठारावर चढून ते पाठवायची. गणपती गेले आणि मानसी मॅडमचा फोन आला.

"सविताताई, एकाच खाचराचा फोटो दोनदा आलाय का हो?"

"न्हाई मॅडम! पाट्या बघा की!"

"बघितल्या. म्हणून तर विचारलं. कंट्रोल जास्त हिरवा दिसतोय!"

सविताच्या पायाखालची वाळूच सरकली. पठारावरून ती जी पळत सुटली, ती थेट बयाबाईच्या ओसरीवर.

"मावशी, खरं सांगा. पाला टाकलात ना?"

"वाऱ्यानं उडून पडला आसंल बाई."

"आन गोळी खत?"

"त्ये बी वाऱ्यानंच."

"चार-चार रोपांच्या बरोब्बर मधी?"

"वारं हुशार हाय आपल्याकडचं," बयाबाई म्हणाली आणि निवांत शेंगा सोलत राहिली.

सविता रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाली. सकाळी कैलासनं चहा पिता पिता तोड काढली. "पाट्या बदलून टाक की! दोन खिळे काढायचे, दोन ठोकायचे, काम खलास. पुण्यात बसून कुणाला कळतंय?"

खोटं कशाला सांगा, सविताला मोह झाला. ती खाचरावर गेली, पाटीला हात घातला, खिळा हलवूनही बघितला. मग गप्पकन हात मागं घेतला. उद्या गिरणी आली, तर चाक फिरताना रोज हेच आठवायचं! घास गोड लागायचा नाही. त्यापेक्षा वाडीत दुसरं कंट्रोल शोधू! एवढ्या खाचरांत एक तरी काही न टाकलेलं मिळेल की!

तिनं पहिलं दार वाजवलं चंपाचं.

"चंपाबाई, तुमच्या खाचरात पालाबिला काय टाकला न्हाई ना?"

"टाकला की! गोळी बी टाकली!"

"अवो पर कशापायी? तुमाला कुनी सांगितलं?"

"तूच की! काय टाकलं न्हाई तर कंट्रोल, असं बांधावर हुबी राहून वरडलीस. उद्या माझ्या शेतात पाटी ठोकलीस म्हंजी? समदी वाडी हसली आसती मला!"

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. शेवटी सविता अमृतकडं गेली. अमृत म्हणजे वाडीतला आळशांचा राजा! अंगावर बसलेली माशीसुद्धा ती स्वतः कंटाळून उडेल म्हणून वाट बघणारा. हा काही टाकणं शक्यच नव्हतं.

"वैनी, म्या बी टाकला," अमृत तोंड बारीक करून म्हणाला. "काय करनार? बायको म्हनली, कंट्रोलवाल्याच्या घरात मी नांदायची न्हाई."

झालं! अख्ख्या कळकवाडीत कंट्रोल म्हणून औषधाला एक खाचर शिल्लक नव्हतं. सविता बांधावर मटकन बसली. इतके दिवस दाबून धरलेलं रडू आता काही थांबेना. तेवढ्यात मागून बयाबाई आली.

"का गं, काय झालं?"

"काय न्हाई मावशी. गिरणी गेली आपली." आणि मग सवितानं पहिल्यांदा सगळं सांगून टाकलं. फरक दिसला तर गिरणी, नाही तर पुन्हा तेच पोतं, तोच डोंगर, त्याच जन्माच्या खेपा.

"आन ह्ये तू आत्ता सांगतीस? भवाने, आदी तोंडात काय गूळ धरलावतास व्हय?" बयाबाई कडाडली. मग जरा वेळ ती आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहिली. पोतं तीही वाहायची की! सवितापेक्षा कितीतरी जास्त वर्षं.

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

पुन्हा 'बरं'! या वेळी तरी सवितानं ओळखायला हवं होतं.

काढणीच्या दिवशी मानसी मॅडम आल्या. रस्ता होता तिथवर जीपनं, पुढं पायी, हातात मोजपट्टी आणि वजनकाटा. सविता त्यांना घेऊन बांधाच्या वळणावर आली आणि जागीच थबकली. बयाबाईच्या खाचरात, पाटीच्या अगदी खाली, दोन म्हशी सोन्यासारख्या भातात गळ्याएवढ्या शिरून चरत होत्या. आणि बयाबाई काठी घेऊन त्यांना हाकलत नव्हती, आत घालत होती!

"खा गं माझ्या बायांनो, खा! लाजू नगा!" मॅडम दिसल्याबरोबर तिनं काठी उंचावली. "या मॅडम! बगा, काय बी पिकलं न्हाई! लय वाईट हाय ह्ये कंट्रोल! लिवून घ्या!"

मानसी मॅडमचा आ वासलेला तसाच. सविता भातातून वाट काढत धावली, म्हशीच्या दाव्याला लोंबकळली. म्हैस काही हलेना. "मावशी, येड लागलं का तुमाला? हातातोंडाशी आलेलं पीक वो! तुमचा इंद्रायणी!"

"खाऊंदे. एका खाचरानं मी मरत न्हाई. गिरणी येऊंदे तुझी."

"माझी नव्हं मावशी, आपली!" सविता ओरडली आणि तिथंच म्हशीच्या गळ्यात पडून रडायला लागली. म्हशीनं तेवढ्यात आणखी एक घास घेतला.

मग डोळे पुसून सविता मानसी मॅडमपुढं उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. पाटी, बाण, रांग, धोंडिबाची चप्पल, पाला, वारा, सगळं! "मॅडम, फरक दिसत न्हाई, कारण कंट्रोलच उरलं न्हाई. समद्या वाडीनं पाला टाकलाय. मला खोटं लिवायचं न्हाई. गिरणी न्हाई मिळाली तरी..." तिला 'चालंल' म्हणायचं होतं. ते काही तोंडातून निघेना.

मानसी मॅडम बांधावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता चष्मा पुसायला लागल्या.

"सविताताई, म्हणजे पहिल्याच वर्षी सगळ्या वाडीनं नवी पद्धत वापरली?"

"व्हय."

"अहो, आम्ही गावोगाव मेळावे घेतो, पत्रकं वाटतो, तेव्हा कुठं दोन-तीन जण तयार होतात! तुम्ही जसं घडलं तसं लिहा. एक शब्द बदलू नका."

सवितानं लिहिलं. भाकऱ्या करपल्या, पण लिहिलं! 'कंट्रोल खाचरातील पिकाची सद्यःस्थिती' या रकान्यात तिनं प्रामाणिकपणे लिहिलं : 'म्हशींच्या पोटात.' पुण्यात तो अहवाल म्हणे साहेबांनी सगळ्या ऑफिसला मोठ्यानं वाचून दाखवला. आणि संक्रांतीच्या आधी गिरणी मंजूर झाली!

गिरणी आली त्या दिवशी वाडीत पताका लागल्या. नारळ बयाबाईनं फोडला. बायकांनी पोती आणून भिंतीला ओळीनं लावली, आणि सगळ्यांच्या पुढं, मानाचं म्हणून, सविताचं पोतं. सविताला तर हसावं की रडावं तेच कळत नव्हतं. कैलास बटणावर बोट ठेवून उभा राहिला, आणि मानसी मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट हं! गिरणीचाही अहवाल द्यायचाय बरं का. बायकांचे कष्ट किती वाचले, ते मोजायचंय. त्यासाठी तुलनेला एक घर लागेल. त्या घरानं हंगामभर भात इथं आणायचं नाही. पूर्वीसारखंच खालच्या गावात न्यायचं. ते घर ठरल्याशिवाय गिरणी चालू करता येणार नाही, नियम आहे."

चंपाला एकाएकी आभाळात काहीतरी दिसलं. अमृत गिरणीच्या मागं गेला, तो आलाच नाही. बयाबाई म्हणाली, "म्हशीला पाणी दावायचं राह्यलं बाई," आणि गुडघेदुखी विसरून चालायला लागली.

सवितानं सगळ्यांकडं बघितलं, गिरणीकडं बघितलं, ओळीत लावलेल्या पोत्यांकडं बघितलं.

"मॅडम," ती बारीक आवाजात म्हणाली, "अध्यक्षाचं घर चालंल का?"

कैलासनं बटण दाबलं. गिरणी धडधडायला लागली, वाडीभर टाळ्या कडाडल्या, आणि सवितानं ओळीतलं पहिलं पोतं उचलून डोक्यावर घेतलं.

उतार लागला तसा कैलास मागून आला. मोकळ्या हातानं, शीळ घालत.

"अवो, बघताय काय? घ्या की पोतं जरा!"

"छे छे!" कैलास दोन पावलं मागं सरला. "मी घेतलं तर तुझे कष्ट कमी भरतील. मग अहवाल खोटा व्हायचा! तुला खोटं चालत न्हाई ना? थांब, वळ जरा हिकडं, फोटू काढतो."

सवितानं पोतं सावरलं, दात-ओठ खाल्ले आणि फोटोपुरती हसली.